समुद्रावर पहारेकरी ढीगभर, तरी बोट येते कशी?

१८ ऑगस्ट २०२२ ला, म्हणजे दहीहंडीच्या आदल्या दिवशी, रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक मोकळी बोट येऊन लागली आणि तिच्यात तीन एके-४७ निघाल्या. पुढचे काही तास टीव्हीवर काय चाललं असेल ते सांगायला नको. पण त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी विधानसभेत सांगूनही टाकलं की बोटीचं नाव लेडी हान, मालकीण एक ऑस्ट्रेलियन बाई, बोट मस्कतहून युरोपला निघाली होती, जूनमध्ये इंजिन बंद पडलं, कोरियाच्या युद्धनौकेने आतली माणसं वाचवली, खवळलेल्या समुद्रात बोट ओढून नेणं जमलं नाही म्हणून ती तशीच सोडून दिली आणि ती वाहत वाहत इकडे आली.

आता यात दोन गोष्टी आहेत बघा. बोट वाळूला लागेपर्यंत ती येतेय हे कुणालाच कळलं नाही, ही एक. आणि लागल्यावर मात्र तिची सगळी कुंडली काही तासांत हातात होती, ही दुसरी. पहिलीवरून सगळ्यांनी आरडाओरडा केला आणि तो बरोबरच होता, पण समन्वय समन्वय म्हणून जे ऐकतो ते खरं तर दुसऱ्या गोष्टीत आहे, ओमानच्या बाजूला दोन महिन्यांपूर्वी घडलेली घटना श्रीवर्धनच्या पोलिसाला आलेल्या फोनशी एका दिवसात जोडली गेली. २००८ साली ही जोडणी आपल्याकडे जवळपास नव्हतीच.

आधी समुद्रावर नक्की कोण कोण असतं ते बघू, कारण ही यादी वाचूनच डोकं गरगरतं. किनाऱ्यालगत साधारण ५ नॉटिकल मैलांपर्यंत राज्याचे सागरी पोलीस (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी). त्यांच्या पुढे कोस्ट गार्ड, त्यांच्याही पुढे नेव्ही. कोस्ट गार्ड आणि नेव्ही दोघंही संरक्षण मंत्रालयाखाली, पण सागरी पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे. तस्करी बघणारे कस्टमवाले अर्थ मंत्रालयाचे. मच्छीमार बोटींची नोंदणी आणि लायसन राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे, छोटी बंदरं महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे, मोठी बंदरं केंद्राची आणि त्यांच्या गेटवर सीआयएसएफ. बॉम्बे हायच्या तेलविहिरींची राखण हा वेगळाच विषय, गुजरातच्या खाड्यांत बीएसएफ, आणि गुप्त बातमी काढणारे आयबी आणि रॉ, ते तर समुद्रावर दिसतही नाहीत. आपल्याकडे बारभाई कारभार म्हणतात तो यापेक्षा सुटसुटीत असेल.

आणि हे कुणी मुद्दाम गुंतागुंत करायची म्हणून केलेलं नाहीये. आपल्या घटनेतच पोलीस हा राज्याचा विषय आहे, संरक्षण केंद्राचा, किनाऱ्यापासून बारा नॉटिकल मैलांच्या आतली मासेमारी राज्याची आणि बाहेरची केंद्राची. कागदावर या हद्दी छान वाटतात, पण १० नॉटच्या (ताशी १० नॉटिकल मैल) वेगाने येणारी बोट बारा मैल सव्वा तासात पार करते, म्हणजे चहा पिऊन होईपर्यंत ती एका खात्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेलेली असते, तिला काय माहिती इथे फाईल बदलली म्हणून.

हरिहरेश्वर ज्या श्रीवर्धन तालुक्यात आहे त्याच तालुक्यात शेखाडी आणि दिघी आहेत. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथेच शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. त्या लँडिंगमध्ये कस्टम आणि पोलीस दोन्हीकडचे लोक सामील होते, कोर्टात शिक्षाही झाल्या. म्हणजे दोन खात्यांत समन्वय होता, फक्त चुकीच्या माणसांबरोबर. त्यानंतर नेव्हीने महाराष्ट्र आणि गुजरातच्या समुद्रात ऑपरेशन स्वान सुरू केलं. त्यात किनाऱ्याजवळच्या गस्तीसाठी भाड्याने ट्रॉलर घेतले आणि एकाच ट्रॉलरवर नेव्ही, पोलीस आणि कस्टमची माणसं बसवली. मला ही कल्पना आजही आवडते, कारण तीन खात्यांची माणसं एकाच डेकवर रात्र काढायला लागली की पत्रव्यवहार आपोआप कमी होतो. पण तो एका घटनेनंतरचा बंदोबस्त होता, आणि बंदोबस्ताला वर्षं झाली की तो रुटीन होतो.

मग २००८, २६/११ चा हल्ला. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी वाटेत कुबेर नावाची पोरबंदरची मच्छीमार बोट ताब्यात घेतली, खलाशांना मारलं, तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) मुंबईजवळ येईपर्यंत जिवंत ठेवून मग मारलं, आणि शेवटचं अंतर रबरी डिंगीने कापून कफ परेडला बधवार पार्कसमोरच्या मच्छीमार नगरात उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना हटकलंही होतं. त्या तीन दिवसांत १६६ माणसं गेली.

आता इशारे नव्हते का, तर होते. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने नंतर तपासलं तर आधीच्या दोनेक वर्षांत आलेल्या इशाऱ्यांत समुद्रमार्गाचा उल्लेख होता, मोठ्या हॉटेलांचा होता. पण तेव्हाचे नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल सुरीश मेहता यांचं म्हणणं असं की कारवाई करता येईल अशी माहिती मिळालीच नव्हती. बातमी काढणारे म्हणतात आम्ही कळवलं, ज्यांना कळवलं ते म्हणतात यावर करायचं काय. आणि गंमत अशी की दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असू शकतात.

हे जरा थांबून समजून घ्यायला हवं. समजा तुम्ही कोस्ट गार्डच्या जहाजावर आहात आणि तुम्हाला सांगितलंय की पलीकडून एक संशयास्पद बोट येतेय. तुम्ही पाकिस्तानी बोट शोधणार. समोर दिसतेय ती पोरबंदरची बोट, नंबर भारतीय, जाळी वगैरे सगळं जागच्या जागी. बोट आपली आहे पण आत माणसं आपली नाहीत हे ओळखायचं असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याकडची बोटींची यादी त्या जहाजावर पाहिजे आणि खलाश्यांच्या खिशात पक्कं ओळखपत्र पाहिजे. तेव्हा ना देशभरची एक यादी होती ना अशी कार्डं. म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेतलं भोक एका अशा खात्याच्या रजिस्टरमध्ये होतं ज्याला सुरक्षेशी आपला काही संबंध आहे असं कधी वाटलंच नव्हतं. नंतर बोटींची देशभर एकसारखी ऑनलाईन नोंदणी, खलाशांना बायोमेट्रिक कार्डं, राज्याप्रमाणे बोटींना वेगवेगळे रंग हे सगळं झालं, आणि हेलिकॉप्टरमधून रंग बघून ही बोट इथली नाही हे कळतं हे ऐकायला साधं वाटतं, पण माझ्या मते नव्या स्पीडबोटींपेक्षा या कंटाळवाण्या कामाचा उपयोग जास्त.

आता बातमीच्या बाजूला येऊ. एजन्स्या एकमेकींना माहिती का देत नाहीत? दुष्टपणा म्हणून नाही. माहिती दिली की ती कुठून आली हे फुटायची भीती असते, आणि सोर्स फुटला तर तो माणूस जिवानिशी जातो. शिवाय श्रेय कुणाचं हाही प्रश्न असतोच. आणि तिसरी गोष्ट जरा कडू आहे, ती अशी की सरकारी यंत्रणेत अलर्ट पाठवणं हे कधीकधी काम करण्यासाठी नसतं, उद्या काही झालं तर आम्ही कळवलं होतं हा कागद जवळ असावा म्हणून असतं. मग समोरच्याकडे असे कागद इतके येतात की खरा कुठला हेच कळत नाही.

कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती बसली, त्यावर मंत्रिगटाचा अहवाल आला आणि २००१ मध्ये आयबीमध्ये मल्टी एजन्सी सेंटर म्हणजे मॅक सुरू झालं, सगळ्यांनी आपली माहिती एका ठिकाणी आणावी म्हणून. पण आणावी आणि आणलीच पाहिजे यात फरक आहे. डिसेंबर २००८ मध्ये पी. चिदंबरम गृहमंत्री झाल्यावर वर्षाच्या शेवटी आदेश निघाला की प्रत्येक एजन्सीने मॅकला माहिती देणं बंधनकारक आणि मॅकने राज्यांसकट बाकीच्यांना देणं बंधनकारक, आणि केंद्र चोवीस तास चालणार. इमारत तीच, नाव तेच, एक शब्द बदलला. राज्यातली मॅकची शाखाही याच साखळीत आली. शिवाय गृहमंत्री स्वतः रोज सगळ्या प्रमुखांना बसवून आज काय आलं हे विचारायला लागले, आणि उद्या परत विचारणार आहेत हे माहीत असलं की माणसं फाईल वाचून येतात.

याच काळात दहशतवादाचा तपास करणारी एनआयए झाली, आणि एनएसजी, म्हणजे केंद्राची कमांडो फौज, जी त्या रात्री मानेसरहून मुंबईत पोचेपर्यंत पहाट झाली होती, तिचं केंद्र मुंबईसकट चार शहरांत आलं. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय म्हणून सोडतो.

समुद्रासाठी सगळ्यात महत्त्वाचा निर्णय फेब्रुवारी २००९ चा. त्यात ठरलं की किनारा आणि समुद्र मिळून एकंदर सागरी सुरक्षेची जबाबदारी नेव्हीची, आणि त्यात बारा मैलांच्या आतल्या किनारा सुरक्षेचा समन्वय कोस्ट गार्डचा, सागरी पोलीस गस्त घालतात तो भागसुद्धा धरून. पोलीस राज्याचेच राहिले, त्यांचा पगार राज्यच देणार, बदल्या राज्यच करणार, पण उद्या काही घडलं तर उत्तर कुणी द्यायचं हे ठरलं. याआधी तेच नक्की नव्हतं. त्याच वर्षी कॅबिनेट सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, जिच्यात मंत्रालयं आणि किनाऱ्यावरची राज्यं एका टेबलाला बसतात. कॅबिनेट सेक्रेटरीच का, तर दोन मंत्रालयांचे सचिव एकमेकांचं ऐकत नसतील तर दोघांनाही ज्यांचं ऐकावं लागतं ते पद तेवढंच आहे.

सगळं असं सरळ गेलं नाही बरं का. २०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र, एनसीटीसी, काढायचं ठरवलं, १ मार्चची तारीखही ठरली. ते आयबीच्या आत असणार होतं आणि त्याला थेट अटक आणि झडतीचे अधिकार असणार होते. ममता बॅनर्जी, नवीन पटनायक, जयललिता, आणि तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री असलेले नरेंद्र मोदी, एरवी एका फोटोत न मावणारी ही मंडळी या एका मुद्द्यावर एकत्र आली की आमच्या राज्यात आमच्या पोलिसांना न विचारता अटक कशी करणार. ते केंद्र कधी सुरूच झालं नाही. माझं मत विचाराल तर राज्यांची भीती अगदीच खोटी नव्हती, गुप्तचर संस्थेला अटकेचे अधिकार देणं ही छोटी गोष्ट नाही. मॅक चाललं कारण ते फक्त माहिती मागत होतं, एनसीटीसीने हात घातला तो अधिकारात. समन्वयाच्या नावाखाली कुणाची खुर्ची लहान होतेय असं दिसलं की तो तिथेच अडतो, मग योजना कितीही शहाणी असो.

२००९ च्या निर्णयानंतर दोनच वर्षांनी, ३१ जुलै २०११ ला, एमटी पवित नावाचं सुमारे हजार टनांचं तेलवाहू जहाज जुहूच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. आत एकही माणूस नाही. तेही ओमानकडूनच आलेलं, महिनाभरापूर्वी ब्रिटिश नौदलाने त्याचे खलाशी वाचवले होते आणि जहाज बुडालं असाच समज होता. नेव्ही, कोस्ट गार्ड, पोलीस, तिघांच्या तिन्ही थरांतून ते आरामात आलं. त्याआधी जूनमध्ये एमव्ही विस्डम तिथेच जुहूला लागलं होतं, ते भंगारात निघालेलं, टोचन तुटलेलं, पण ते तरी येताना माहिती होतं. पवित आणि लेडी हान या दोघांची वाट बघा, सुरुवात ओमानच्या बाजूला आणि काळ पावसाळ्याचा. मान्सूनचे वारे आणि प्रवाह त्या बाजूची बेवारस वस्तू आपल्या किनाऱ्याकडे ढकलतात. आणि पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. म्हणजे समुद्र मोकळा, एखादं जहाज उठून दिसायला हवं, असं वाटतं ना, पण मच्छीमार नसले की बघणारे डोळेही नसतात. एरवी हजारो बोटी समुद्रात असतात आणि काही वेगळं दिसलं तर वायरलेसवर बोलणं होतंच. पवित लागलं तेव्हाही बंदीचाच काळ होता.

पवितनंतर बरीच नाचक्की झाली. किनाऱ्यावरच्या रडारांची साखळी तेव्हा पूर्ण झालेली नव्हती, ती पुढच्या काळात झाली, पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी. आता ही रडारं, जहाजं स्वतःहून आपलं नाव आणि जागा सांगतात ती एआयएस यंत्रणा, आणि बाकीची माहिती हे सगळं गुरुग्राममधल्या नेव्हीच्या आयमॅक केंद्रात (आयबीचं मॅक वेगळं) एकत्र येतं. त्याचं उद्घाटन नोव्हेंबर २०१४ मध्ये मनोहर पर्रीकरांनी केलं, गोव्याहून दिल्लीला जाऊन संरक्षणमंत्री होऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) जॉइंट ऑपरेशन्स सेंटर आहेत. त्याचं तत्त्व सोपं आहे, रडारवर ठिपका दिसतोय पण एआयएसवर त्याचं नाव नाही, मग हा कोण, हे विचारायला एकच पडदा सगळ्यांसमोर पाहिजे, नाहीतर एकाकडे ठिपका असतो आणि दुसऱ्याकडे नाव.

पण पडदा एक झाला म्हणजे माणसं एक झाली असं नाही, त्यासाठी सराव लागतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सागर कवच माहिती असेल, साधारण वर्षातून दोनदा होतं. काही जण हल्लेखोर बनून खरोखर बोटीतून घुसायचा प्रयत्न करतात आणि बाकीच्यांनी त्यांना पकडायचं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते की नकली अतिरेकी इथे पकडले किंवा तिथून आत शिरले. लोक हसतात, पण कुणाचा फोन लागत नाही, कुणाचा वायरलेस वेगळ्याच चॅनेलवर आहे, बंदरावरच्या माणसाला पोलिसांचा १०९३ आणि कोस्ट गार्डचा १५५४ हे नंबर माहिती आहेत का, हे अशाच दिवशी कळतं. जानेवारी २०१९ मध्ये सी व्हिजिल या नावाने हाच प्रकार एकाच वेळी देशाच्या सगळ्या किनाऱ्यावर झाला.

दिल्लीत सगळ्या सागरी विषयांसाठी एक माणूस, नॅशनल मेरीटाईम सिक्युरिटी कोऑर्डिनेटर, नेमायला मात्र फेब्रुवारी २०२२ उजाडलं. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल जी. अशोक कुमार हे पहिले. समुद्राच्या विषयासाठी वरच्या पातळीवर एक यंत्रणा हवी हे कारगिलनंतरच्या मंत्रिगटाने २००१ मध्येच सांगितलं होतं. एकवीस वर्षं. सरकारी हिशोबात याला उशीर म्हणत नाहीत, प्रक्रिया म्हणतात.

इतकं करूनही ६ फेब्रुवारी २०२४ ला कुवेतहून निघालेली एक बोट थेट मुंबईत आली. आत तमिळनाडूचे तीन मच्छीमार, मालक पगार देत नाही, छळतो म्हणून त्याचीच बोट घेऊन पळालेले. त्यांना अडवलं ते गेटवेजवळ, मुंबई पोलिसांच्या गस्ती बोटीने. म्हणजे सगळ्यात आतल्या आणि सगळ्यात गरीब थराने. बिचारे घरी परत यायला निघालेले लोक होते म्हणून ठीक.

यातून कळतं की गाडी अडते ती छोट्या बोटीपाशी. लाकडी किंवा फायबरची बोट रडारवर नीट उमटत नाही, आणि एआयएसची सक्ती वीस मीटरपेक्षा मोठ्या बोटींना आहे. त्याहून लहान बोटी हजारोंनी आहेत. आणि त्यांना बघायला असतात ते सागरी पोलीस, ज्यांची अवस्था कॅगच्या अहवालांत राज्याराज्यांबद्दल पुन्हा पुन्हा आली आहे, बोटी दुरुस्तीत, डिझेल कमी, माणसं कमी, जमिनीवरच्या ठाण्यातून बदलीवर आलेला हवालदार पोहायला शिकेपर्यंत परत बदलून जातो. दिल्ली आणि गुरुग्रामची साखळी कितीही मजबूत करा, तिची शेवटची कडी हा हवालदार आणि त्याची बंद पडलेली बोट असेल तर पडद्यावरचा ठिपका बघायला जाणार कोण? कोस्ट गार्डचं जहाज प्रत्येक होडीमागे धावू शकत नाही.

म्हणून मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती ट्रान्सपॉन्डरची. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ही योजना देशभर सुरू झाली, मच्छीमार बोटींवर एक लाख ट्रान्सपॉन्डर, खर्च सुमारे ३६० कोटी, तंत्र इस्रोचं. बोट कुठे आहे ते उपग्रहातून कळतं, आणि उलट बाजूने बोटीला वादळाचा इशारा, सीमा जवळ आल्याची सूचना जाते, संकटात बटण दाबता येतं. पैसे मत्स्यव्यवसायाच्या योजनेतले, फायदा सुरक्षेलाही, म्हणजे कुबेरच्या वेळी जे खातं गोष्टीच्या बाहेर होतं ते आता मध्यभागी आलंय.

पण हे यंत्र मच्छीमाराच्या मर्जीवर चालणार. आणि त्याच्या डोक्यात वेगळेच प्रश्न असतात. मी मासे कुठे धरतो ती जागा यातून बाकीच्यांना कळणार का, मी बारा मैलांच्या बाहेर गेलो की आत होतो यावरून उद्या मत्स्यव्यवसायवाले नोटीस पाठवणार का, बोट चुकून सीमेपलीकडे गेली तर हाच पुरावा माझ्यावर उलटणार का. हे प्रश्न रास्त आहेत, आणि एकाच यंत्राची माहिती मत्स्यव्यवसाय, पोलीस आणि कोस्ट गार्ड तिघांकडे जाणार असेल तर त्यातलं काय कशासाठी वापरणार हे बंदरावर जाऊन, मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगमध्ये, तिघांनी मिळून एकच उत्तर म्हणून सांगायला लागेल. तिघांनी तीन उत्तरं दिली तर तांडेल काय करेल हे कुठल्याही बंदरावर विचारा, समुद्रात गेल्यावर वायर काढायला दोन मिनिटं लागत नाहीत.